पेट्रोलची वही

"आंटी, केकवर पाळकसाहेबांचा फोटो छापून मिळतो. नगरला एक जण करून देतो. अकराशे रुपये किलो फक्त."

सप्टेंबरचा शेवटचा रविवार. उपासना सुटल्यावर कमिटीची मीटिंग बसली होती आणि तरुण संघाचा सेक्रेटरी माझ्या नाकासमोर मोबाइल धरून उभा होता. पडद्यावर कुणा अनोळखी पाळकाचा चेहरा, क्रीममधला, चष्म्यासकट. ऑक्टोबर हा पाळकांचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचे, आभार मानायचा महिना आणि त्यातला दुसरा रविवार खास त्यासाठी, ही मूळची अमेरिकेतली प्रथा. तिथे ती १९९० च्या दशकात रुजली, आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून आली. मला त्याचं वावडं नाही. नाताळचं झाडही बाहेरूनच आलेलं आहे. पण मी मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांची, खजिनदार, आणि त्याआधी एकतीस वर्षं पतसंस्थेत कॅशियर. अकराशे रुपये किलो म्हटलं की माझ्या डोक्यात व्हाउचर फडफडायला लागतं.

"आणि चेहऱ्यावर सुरी कोण चालवणार?" मी विचारलं.

पोरं हसली. मला मात्र खरोखरच प्रश्न पडला होता. रविवारी चर्चच्या फाटकातून घरी पोचेपर्यंत साहेबांच्या उपदेशाची चिरफाड झालेली असते, ते वेगळं. पण सगळ्यांसमोर, टाळ्या वाजवत?

तर केकला मी विरोध केला, आणि त्याला कारण ठरली एक वही.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण जिभेला वळण लागायला वेळ लागणार.) मुख्य चर्च गावात, आणि आसपासच्या सात वाड्यावस्त्यांवर शाखा. कुठे पत्र्याचं देऊळ, कुठे कुणाच्या ओसरीवर उपासना. आम्ही जुनी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतो. पाळकसाहेब २०१९ च्या जूनमध्ये बदली होऊन आले. वय तेव्हा चाळीसच्या आतबाहेर. बरोबर मिसेस, ज्यांना सगळी मंडळी 'बाई' म्हणते, दोन मुलं, एक स्प्लेंडर, आणि पुस्तकांच्या इतक्या पेट्या की टेम्पोवाल्याने हमाली जास्त मागितली.

मी खजिनदार झाले गेल्या वर्षी. पहिल्याच ऑडिटला हिशेब तपासणाऱ्याने पेन्सिलीने गोल काढला, 'दौरा खर्च' या रकान्याभोवती. महिन्याला एक हजार रुपये, पण पावत्यांचा पत्ता नाही. मी साहेबांकडे गेले. "काही लिहून ठेवलंय का?" त्यांनी कपाटातून पाच वह्या काढून दिल्या. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याच्या, शाळेच्या पोरांच्या असतात तशा. एकीच्या मागच्या पानावर त्यांच्या धाकटीने सिंड्रेला काढलेली.

वह्या घरी आणल्या. रात्री जेवणं उरकल्यावर चष्मा पुसून बसले.

पाच रकाने होते. तारीख, कुठे, किलोमीटर, काम, आणि शेवटी 'मंडळीकडे'. या शेवटच्या रकान्यात काही ठिकाणी रुपये, काही ठिकाणी नुसती आडवी रेघ. महिन्याखाली बेरीज. नऊशे दहा. आठशे पंच्याऐंशी. नऊशे चाळीस. एकदाही हजाराच्या वर नाही. कॅशियरच्या नोकरीत मी एक शिकले आहे: जी बेरीज दर महिन्याला मर्यादेच्या आत शहाण्या मुलासारखी येऊन बसते, तिच्यात काहीतरी दडलेलं असतं. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पाप आलं. वाटलं, साहेब आकडे बसवतात.

बसवतच होते. फक्त उलट्या बाजूने.

प्रत्येक महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटी त्यांनी गाडीच्या मीटरचा आकडा लिहिला होता. एका महिन्याची वजाबाकी केली. त्या महिन्यात गाडी चालली ११४० किलोमीटर, आणि मंडळीकडे लावले होते ५२०. शाखांच्या उपासना, प्रभुभोजन, ठरलेल्या प्रार्थना, एवढंच. उरलेले ६२० किलोमीटर म्हणजे आडव्या रेघा. स्प्लेंडर साठ देते धरलं तरी दहा लिटरच्या वर पेट्रोल, हजार रुपयांच्या वर, दर महिन्याला स्वतःच्या खिशातून. आणि तो खिसा किती खोल आहे ते मला ठाऊक होतं, कारण त्यांचं मानधन माझ्याच रजिस्टरात दिसतं. आमच्या पतसंस्थेतला शिपाई त्याहून जास्त घेतो. वर तेही वेळेवर येत नाही. ते कुणाच्या टेबलावर अडकतं, हे इथे लिहायची जागा नाही.

मग मी आडव्या रेघा वाचायला बसले.

'रा. २.१५. नगर, सिव्हिल. ३८+३८. बाळंतपण अडलं होतं. मुलगी. दोघी सुखरूप.' रेघ.

'पोलीस स्टेशन. मुलगा. सोडला.' रेघ.

'तहसील. दाखला. सर्व्हर बंद.' रेघ. दुसऱ्या दिवशी परत, 'तहसील. सर्व्हर बंद.' तिसऱ्या दिवशी, 'मिळाला.' तिन्हींना रेघ.

'मुलीला सासरी पोचवणे.' आठ दिवसांनी, त्याच गावचे तेवढेच किलोमीटर, 'मुलीला परत आणणे. नाही पाठवायची.' खाली दोनदा ओढलेली रेघ. ही मंडळीकडेची रेघ नव्हे, शब्दांखालची. त्या एका घराबद्दल गावात काय काय बोललं गेलं होतं ते मला आठवलं. साहेबांनी दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसलं, असंही म्हणणारे होते. त्यात मीही होते.

नाव कुठेच नाही. कुणाचंच. पण गाव लहान आहे, तारखा कळतात.

दुसऱ्या वहीत एप्रिल २०२१ ची पानं होती. त्या महिन्यात शाखांच्या उपासना बंद, चर्च बंद, म्हणून मंडळीकडे लावलेला खर्च जवळजवळ शून्य. मीटर मात्र धावलेलं. २३ एप्रिलला एकच ओळ: 'दफनभूमी. ४ वेळा.' किलोमीटरच्या रकान्यात काही नाही. अंतर मोजायचं सुचलं नसेल. शेवटी रेघ.

त्या चार वेळांपैकी दुसरी वेळ आमची. माझे मोठे दीर.

आम्हाला आत सोडलं नव्हतं. जाऊबाई, मी आणि पुतण्या दफनभूमीच्या भिंतीबाहेर, बाभळीखाली. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. आत तरुण संघातली चार पोरं आणि साहेब, पाचही जण त्या पांढऱ्या पीपीई किटमध्ये. कोण कोण आहे कळेना. शेवटी उंचीवरून ओळखलं. साहेबांचा आवाज तसाही मोठा नाही. मागच्या बाकांवरून "ऐकू येत नाही" अशी तक्रार कायमची. त्यात तोंडावर दोन मास्क. त्यांनी तेविसावं स्तोत्र वाचायला घेतलं आणि आमच्यापर्यंत फक्त गुणगुण पोचली. जाऊबाई म्हणाल्या, "काय म्हणतायत गं? ह्यांचंच चाललंय का?"

तेव्हा त्या पाचांतला एक भिंतीकडे चालत आला. आमच्यापासून दहाएक फुटांवर थांबला आणि अक्षरशः ओरडून, घसा फाटेल असं, स्तोत्र पहिल्यापासून परत म्हणाला. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." मेंढरं हाकणारा माळावर हाळी देतो ना, तसं. शेवटाला आवाज बसला. मग वळून परत खड्ड्याकडे गेले.

जाऊबाई आजही कुणाला सांगतात, साहेबांनी भिंतीपाशी येऊन म्हटलं. मंडळीच्या लेखी मात्र त्या दिवशी साहेबांचा खर्च शून्य.

मी वही मिटली आणि थोडा वेळ स्वयंपाकघरातला दिवा बंद-चालू करत उभी राहिले. काय करावं ते सुचेना.

साहेब म्हणजे देवदूत, असा माझा दावा नाही. उपदेश लांबवतात. बायबलातल्या पौलाच्या प्रवासात शिरले की नकाशा संपेपर्यंत बाहेर येत नाहीत. सुरात गात नाहीत, तरी माईक सोडत नाहीत. आणि विसरभोळे इतके की एकदा बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचं नाव आईला दोनदा विचारलं. बांधकाम फंडावरून माझं त्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि त्यात बरोबर मीच होते. हे सगळं तसंच्या तसं आहे. वही वाचून त्यातलं काही बदललं नाही.

एकदा मी त्यांना बायबलातल्याच ओळींवरून चिडवलं होतं: "साहेब, तीमथ्याच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नका असं आहे, कामकऱ्याच्या मजुरीचं आहे. सहा वर्षांत तुम्ही त्यावर एकदाही बोलला नाहीत." ते हसले. "ताई, स्वतःच्या वैरणीवर बैलानेच कसं बोलायचं?"

आमच्या भागात हा प्रश्न जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, म्हणजे मराठी माणसांच्या मंडळीला मराठी पाळक. पगाराची व्यवस्था मिशनची. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरीच सोडून दिली. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे, घरी कधी कोण जेवायला येईल याचा नेम नसे, आणि चुलीपुढे लक्ष्मीबाई. त्यांच्या आठवणी वाचताना लोक टिळकांच्या उदारपणाला हसतात, डोळे पुसतात. मी वाचताना पिठाचा डबा मोजते. नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, मिशनचे गोरे साहेबलोक मायदेशी गेले, आणि पाळकाचं पोट आमच्या वर्गणीवर आलं. आमच्या वर्गणीची काय दशा आहे ते माझ्या रजिस्टरात आहे. तेरा कुटुंबांची मार्चपासून बाकी, आणि त्यातल्या दोघांच्या दारात चारचाकी.

माझ्या आजीला हे बरोबर जमत होतं. तिला अक्षरओळख नव्हती. जात्यावर बसण्याआधी ती मूठभर बाजरी वेगळ्या गाडग्यात टाकायची. 'पाळकाची मूठ.' दुष्काळात मूठ लहान व्हायची, पण चुकायची नाही. महिनाअखेरीला गाडगं डोक्यावर घेऊन ती स्वतः पाळकाच्या घरी जायची आणि ओट्यावर बसून बाईंशी तासभर बोलायची. आता मला वाटतं, बाजरीपेक्षा त्या तासाला जास्त किंमत होती. आम्ही गाडगं बंद केलं, पाकीट आणलं, आणि पाकीट थैलीत टाकलं की झालं. ओट्यावर कोण बसतंय?

तर त्या मीटिंगमध्ये मी वह्या टेबलावर ठेवल्या. नावं नव्हतीच, त्यामुळे कुणाचं झाकलेलं उघडं पडायची भीती नव्हती. मी फक्त आकडे वाचले, ११४० आणि ५२०. मग २३ एप्रिलची ओळ. तिथे माझा आवाज जरा गेला. पाणी प्यायले. तरुण संघाच्या सेक्रेटरीने मोबाइल खिशात घातला. त्या चार पोरांतला एक तोच होता, हे सांगायचं राहिलं.

ठरलं ते असं. दौरा खर्च हजाराचा अडीच हजार, आणि तो मीटरप्रमाणे, रेघेप्रमाणे नाही. रात्री दहानंतरच्या फोनला साहेबांनी एकट्याने गाडी काढायची नाही. पोरांनी पाळ्या लावून घेतल्या, भिंतीवर तक्ता लागला. पार्सनेजचं, म्हणजे पाळकाच्या राहत्या घराचं, स्वयंपाकघर तीन पावसाळे गळत होतं. बाईंनी दोनदा सांगितलं होतं, आणि आम्ही दोनदा 'पुढच्या मीटिंगला घेऊ' म्हणून लिहून ठेवलं होतं. यंदाच्या सप्टेंबरमध्ये जो पाऊस कोसळला त्यात त्यांनी स्टोव्ह बाहेरच्या खोलीत आणून स्वयंपाक केला. तो पत्रा पंधरा दिवसांत बदलायचा. आणि सोमवारी साहेबांना सुट्टी. रविवारी त्यांच्या तीन उपासना असतात, मधे मोटारसायकलवर वस्त्या. सोमवारी कुणी फोन करायचा नाही.

शाल नको, हे मीच बजावलं. पार्सनेजच्या लोखंडी पेटीत सव्वीस शाली आहेत. बाईंनी मला एकदा दाखवल्या होत्या. त्यांतल्या आठ जोडून त्यांनी एक गोधडी शिवली आहे, आतून शाली, बाहेरून जुन्या साड्या. थंडीत मुलं ती पांघरतात. आमच्या सगळ्या सत्कारांचा तेवढाच उपयोग झाला.

साखरेचंही राहिलं. साहेबांना चाळिशीतच डायबिटीस झाला, आणि त्यात आमच्या चहाचा वाटा मोठा आहे. घरभेटीला गेले की दिवसाला बारा-चौदा घरं, प्रत्येक घरी चहा, आणि पाळकाला चहा म्हणून साखर दुप्पट. मी महिलामंडळात जाहीर केलं की यापुढे साहेबांना बिनसाखरेचा. वस्तीवरची एक म्हातारी, आमची सगळ्यात जुनी सभासद, उठून उभीच राहिली. "बिनसाकरीचा च्या? पाळकाला? मी काय भिकारी हाय का?" तिची समजूत घालायला साहेबांनाच जावं लागलं. तिथे त्यांनी गोड चहा पिला, असं पक्कं कळलंय.

सोमवारची सुट्टी पहिल्या आठवड्यात पाळली गेली. दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेसातला साहेबांना फोन केला तो मी. बँकेच्या चेकवर त्यांची सही हवी होती, डोक्यात तेवढंच होतं. त्यांनी उचलला. "बोला ताई." मागे कुकरची शिट्टी ऐकू आली आणि मला आठवलं. "काही नाही साहेब, चुकून लागला," म्हणून ठेवून दिला. ते काय ते ओळखून अर्ध्या तासात चेकवर सही करायला आले. स्प्लेंडरवर. मी दारात उभी राहून त्यांना रागावले, आणि त्यांनी निमूट ऐकून घेतलं. सही केली. चहा घेतला, बिनसाखरेचा.

१२ ऑक्टोबरला तो रविवार आला. केक आलाच. पोरांनी आपापसात पैसे काढले होते, मंडळीचा रुपया नाही, त्यामुळे मला बोलायला जागा ठेवली नाही. मात्र फोटो नव्हता. वर साखरेची स्प्लेंडर काढली होती, बऱ्यापैकी ओळखू येईल अशी. साहेब अजून झग्यातच होते. त्यांना हसू आवरेना. सुरी चालवायची कुठे हा प्रश्न तरी मिटला. मागचं चाक त्यांनी स्वतःच कापलं. खाल्लं मात्र बोटाच्या पेराएवढं, कारण माझं लक्ष होतं.

मग अध्यक्षांनी बाईंना पुढे बोलावलं. बाई नव्हत्या. शोधाशोध झाली तर त्या मागच्या शेडमध्ये, एकशे वीस माणसांच्या चहाचं पातेलं ढवळत होत्या. पाळकाचे आभार मानायच्या दिवशीही चहा त्यांच्याच गळ्यात, आणि हे आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही, मी इतकं सगळं ठरवून. दोन जणींनी जाऊन त्यांच्या हातातला डाव काढून घेतला. त्या पदराला हात पुसत पुढे आल्या.

त्यांना माईक दिला. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्या म्हणाल्या, "पत्रा चांगला झाला. गळत नाही आता." थांबल्या. "फक्त गवंड्याने मोरीचा उतार उलटा काढलाय. पाणी घरात येतं. तेवढं बघा."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी पर्समधून डायरी काढून 'मोरी' लिहून घेतलं. या वेळी 'पुढच्या मीटिंगला' नाही. बुधवारी गवंडी उभा केला, मी स्वतः खुर्ची टाकून बसले. तासभर बाईंशी बोलणं झालं. त्यांचं माहेर कुठलं, हे मला त्या दिवशी कळलं. सहा वर्षांनी.

काल ऑक्टोबरची वही आली. मीटरचे आकडे सुरुवातीला आणि शेवटी, ठरल्याप्रमाणे. नवीन पोरांच्या पाळ्यांमुळे रात्रीच्या ओळी कमी झाल्यात. दोनच दिसल्या. सोमवारची एक ओळ आहे, 'ताईंकडे. सही. १४ कि.मी.' आणि शेवटच्या रकान्यात पुन्हा ती आडवी रेघ.

मी लाल पेन घेतलं, रेघ खोडली, आणि वर पंचवीस रुपये लिहिले. बाजूला माझी सही.